आधी माप, मग हँडल

‘ॲडजस्ट’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि घेतल्या घेतल्या त्याचं काम बदललं. तिकडे तो बऱ्याचदा स्क्रूला, आरशाला, घड्याळाला लागतो. आपल्याकडे तो माणसांनाच लागतो. बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा आला की ‘जरा ॲडजस्ट करा’. होस्टेलचा पंखा बंद पडला की ‘दोन दिवस ॲडजस्ट कर’. नव्या नवरीला तर हा शब्द आहेराबरोबरच मिळतो. वस्तू जागच्या जागी राहते, माणूस अंग चोरून बसतो.

या लेखात मला हा शब्द परत वस्तूला लावायचाय. वस्तू म्हणजे डर्ट बाइकचं हँडल, आणि माणूस म्हणजे उंच चालक. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. उंच माणसाने गाडीवर वाकून ‘सवय करून घेणं’ याला आपण चिवटपणा म्हणतो, पण ती बेफिकिरी आहे. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून घाईघाईने हँडल उचलून बसवणं हीसुद्धा बेफिकिरीच. आधी माणसाचं माप घ्यावं, मग हँडलला पाना लावावा.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं काही जण विचारतील. त्यांना मी आपल्याच कविसंमेलनाची आठवण करून देते. मंचावर ठेंगणा कवी आला की कुणीतरी धावत जाऊन माइकचा स्टँड खाली करतं, उंच कवी आला की वर करतं. कवीला कुणी म्हणत नाही, ‘गुडघ्यात वाक, सवय होईल.’ माइकच्या स्टँडला आपण देतो ती सभ्यता मोटारसायकलच्या हँडलला का देत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझी उंची १७८ सेंटीमीटर आहे. मुलगी म्हणून ती जास्तच मोजली जाते. बेळगावहून खानापूरकडे जाताना डांबरी रस्ता सोडला की लाल मातीच्या वाटा लागतात. सुगी झाली की शेतं मोकळी होतात आणि आमच्या ओळखीच्या एका शेतात आम्ही चार-पाच जण गाडी चालवायला जातो. गाडी माझ्या मावसभावाची, तो माझ्यापेक्षाही उंच. आमच्या दोघांच्या पाठीचं, मानेचं आणि तळहातांचं जे व्हायचं ते झालं, म्हणूनच या विषयाच्या मागे लागले.

ज्यांनी डर्ट बाइक कधी चालवली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही गाडी बसून चालवायची नसते. म्हणजे सीट असते, वळणावर बसावंही लागतं, पण खड्डे, दगड, उतार, चिखल यांच्यावर चालक फूटपेगवर उभा असतो. ते काही ऐट म्हणून नाही. उभं राहिलं की गुडघे आणि घोटे हेच शॉकअप होतात. गाडी खालून नाचते, वरचं अंग शांत राहतं. मोटोक्रॉसचे दहा जागतिक किताब जिंकणारा बेल्जियमचा स्टीफन एव्हर्ट्स तर उभ्याने चालवण्याच्या शैलीसाठीच ओळखला जातो. अशा वेळी गाडी धरायची असते गुडघ्यांनी आणि पायांनी. हातांचं काम दिशा देण्याचं, थ्रॉटल, क्लच आणि ब्रेक सांभाळण्याचं. हातांनी शरीराचं वजन पेलायचं नसतं.

आता उंच माणूस या गाडीवर उभा करा. हँडल त्याला खाली पडतं. ते गाठायला तो कमरेतून वाकतो. कमरेतून वाकला की डोकं खाली जातं, मग पुढचं दिसावं म्हणून मान मागे मोडून वर करावी लागते. शरीराचा तोल फूटपेगच्या पुढे जातो आणि वजन तळहातांवर येतं. तळहातांवर वजन आलं की मूठ आवळली जाते. दहा-पंधरा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगडासारखा होतो, बोटं क्लच ओढायला नकार देतात. आणि खरा धोका पुढे आहे. खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की अंग पुढे-मागे फेकलं जातं, आवळलेल्या मुठीत थ्रॉटल आपोआप फिरतो, गाडी नको त्या क्षणी उसळते. नवशिक्या मुलांच्या कितीतरी पडण्यांचं मूळ इथं असतं, आणि आपण मात्र म्हणतो, ‘अजून कंट्रोल आला नाही त्याला.’

बसल्यावर वेगळीच अडचण. उंच माणसाचे पाय लांब, सीट आणि फूटपेग यांच्यातलं अंतर कमी. गुडघे हनुवटीकडे येतात. अशा दुमडलेल्या पायांवरून झटकन उभं राहणं म्हणजे दर वेळी उठाबशा काढणं. तासाभरात मांड्या भरून येतात, मग माणूस उभं राहायचं टाळतो, आणि जिथं उभं राहायला हवं तिथंच बसून मार खातो. हँडल पूर्ण वळवलं तर त्याचं टोक गुडघ्याला लागतं, ते निराळंच.

हे सगळं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सवय होईल.’ गाडी विकणाऱ्याकडून मी हे ऐकलंय, घरच्यांकडून ऐकलंय, आणि स्वतःला पट्टीचा रायडर समजणाऱ्या मुलांकडून तर रोजच. सवय होते, हे मी नाकारत नाही. माणसाच्या शरीराला कशाचीही सवय होते. तोकड्या बाकावर बसून दहावीपर्यंत शिकायचीही होते. पण वेदनेची सवय होणं वेगळं आणि गाडीवर ताबा येणं वेगळं. वाकून चालवायची सवय झालेला माणूस वाकूनच चालवतो, म्हणजे त्याचं वजन तळहातांवरच राहतं, म्हणजे खड्ड्यात थ्रॉटल फिरायचा धोकाही तसाच राहतो. फक्त आता त्याला तो जाणवत नाही.

मग कंपन्या गाडी कुणाच्या मापाने बनवतात? कुठल्या तरी मधल्या उंचीच्या माणसाच्या. त्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारखान्यातून लाखो गाड्या निघतात तिथं एक माप धरावंच लागतं. पण हा मधला माणूस प्रत्यक्षात असतो का? या प्रश्नाचं एक उत्तर १९५० च्या अमेरिकेत मिळालं होतं. तिथल्या हवाईदलाला विमानाच्या कॉकपिटचं माप ठरवायचं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापं अभ्यासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी १० मापं घेतली, प्रत्येकाची सरासरी काढली, आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती वैमानिक आहेत ते पाहिलं. एकही नव्हता. ज्याच्यासाठी कॉकपिट बनवायचं तो माणूसच अस्तित्वात नव्हता. यातून हवाईदलाने धडा घेतला आणि सीट, पेडल, पट्टे मागे-पुढे, वर-खाली करता येतील असे बनवायला लावले. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला ‘सवय होईल’ म्हणून सोडून देता येत नाही हे त्यांना कळलं. आपल्या गाडीवरच्या पोराला मात्र आपण खुशाल सोडतो.

आणि हे कळायला अमेरिकेत जायचीही गरज नव्हती. आपल्याकडे घोडा होता तेव्हा रिकीब होती. रिकिबीच्या चामडी पट्ट्याला एकाच भोकावर कधी कुणी भागवलं नाही. लांब पायाच्या स्वाराला पट्टा सोडायचा, आखूड पायाच्या स्वाराला आवळायचा. खोगीर घोड्याच्या पाठीला बसायला हवं आणि रिकीब स्वाराच्या पायाला. त्याशिवाय मांड पक्की बसत नाही, हे साध्या मोतद्दारालाही ठाऊक होतं. घोडा गेला, मोटारसायकल आली, ‘मांड ठोकणे’ हा वाक्प्रचार उरला आणि पट्ट्याची भोकं तेवढी विसरली गेली.

इथपर्यंत उंच वाचक माझ्या बाजूने झाले असतील आणि रायझर मागवायला मोबाईल हातात घेतला असेल. त्यांना मी थांबवते, कारण माझ्या मताचा दुसरा भाग त्यांच्यासाठीच आहे.

रायझर म्हणजे हँडल आणि त्याचा खालचा क्लॅम्प यांच्यामध्ये बसवायचे ॲल्युमिनियमचे ठोकळे, साधारण १० ते ३० मिलिमीटर उंचीचे. बसवले की हँडल वर येतं. पण सरळ वर येत नाही. गाडीचा पुढचा काटा मागे कललेला असतो, आणि साधा रायझर त्या कलाच्या रेषेतच वर चढतो. काटा २७ अंश कललेला धरला तर ३० मिलिमीटरच्या रायझरने हँडल सुमारे २७ मिलिमीटर वर येतं आणि साडेतेरा मिलिमीटर मागे, म्हणजे चालकाच्या पोटाकडे सरकतं. अकरावीच्या त्रिकोणमितीवर हे कागदावर काढून बघता येतं. उंच माणसाचे हातही लांब असतात. त्याला हँडल वर हवं असतं तसं थोडं पुढेही हवं असतं. साध्या रायझरने वरचं मिळतं आणि पुढचं जातं. उभं राहिल्यावर बरं वाटतं, बसल्यावर मात्र हँडल मांडीत आल्यासारखं होतं. म्हणून उंच चालकाने पुढे सरकवणारे, म्हणजे भोकं पुढे काढलेले रायझर बघावेत.

दुसरी गोष्ट वजनाची. हँडल जितकं वर आणि मागे, तितकं चालकाचं अंग मागे आणि पुढच्या चाकावरचं वजन कमी. ओल्या लाल मातीत वळण घेताना पुढच्या टायरवर वजन नसेल तर ते मुकाट्याने घसरतं, आणि चढावर तेच चाक उचलायला लागतं. पाठ सरळ झाली पण गाडी वळेना, असा सौदा कुणालाच परवडणारा नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फुकटातलं, मग पैशातलं. आधी पाय, मग हात.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप यांची रांगच आहे. तिथल्या लेथवर काम करणारे एक मामा आमच्या या सगळ्या उद्योगाचे गुरू आहेत. आम्ही रायझर कातून द्या म्हणून गेलो तर त्यांनी ॲल्युमिनियमच्या तुकड्याला हातच लावला नाही. म्हणाले, ‘ताई, आधी गाडीवर उभी राहून दाखव बघू.’ गाडी सरळ धरायला दोघांना लावलं, मला फूटपेगवर उभं केलं, हेल्मेट आणि बूट घालून. गुडघे थोडे वाकवलेले, कोपरं बाहेर, नजर समोर. मग म्हणाले, ‘आता हँडलवरची बोटं सोड.’ बोटं सोडल्याबरोबर मी पुढे कलंडले. ‘म्हणजे तू हँडलला लोंबकळूलीस की,’ असं म्हणून त्यांनी माझ्या मावसभावाला बाजूने फोटो काढायला सांगितला. त्या फोटोत माझी पाठ एखाद्या कमानीसारखी दिसत होती.

ही चाचणी कुणालाही जमते आणि तिला एक पैसा लागत नाही. बोटं सैल सोडल्यावरही पायांवर तोल राहिला तर गाडी तुमच्या मापाची आहे. नाही राहिला तर कुठे अडतं ते फोटोत दिसतं.

फुकटातलं पहिलं काम म्हणजे हँडल क्लॅम्पमध्ये फिरवणं. चार बोल्ट सैल करायचे आणि हँडल किंचित पुढे ढकलायचं. साधारणपणे हँडलचा उभा भाग पुढच्या काट्याच्या रेषेत आला की सुरुवात बरी होते. तिथून एका वेळी दोन-तीन मिलिमीटर हलवून बघायचं. फार पुढे फिरवलं तर मुठी उलट्या कोनात येतात आणि मनगट दुखतं, फार मागे घेतलं तर कोपरं बरगड्यांना चिकटतात. बोल्ट परत आवळताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम आणि टॉर्क पाळायचा. अंदाजाने आवळलेलं हँडल उडीनंतर क्लॅम्पमध्ये फिरलं तर काय होईल हे सांगायला नको.

दुसरं काम क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचं. उभं राहिल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यावा इतक्या त्या खाली झुकवायच्या. बहुतेक गाड्यांवर त्या बसलेल्या माणसाच्या सोयीने लावलेल्या असतात. उंच माणसाचं मनगट याच एका कारणाने मोडून येतं आणि तो दोष हँडलच्या उंचीवर ढकलतो. तिसरं, काही मोटोक्रॉस गाड्यांत हँडलचा खालचा माउंट मध्यापासून थोडा सरकवलेला असतो; तो उलटा फिरवून लावला की हँडल काही मिलिमीटर पुढे जातं. केटीएमच्या कित्येक गाड्यांत तर हँडल लावायला एकापेक्षा जास्त जागा कंपनीनेच दिलेल्या आहेत. गाडी वर्षभर वापरून हे ठाऊक नसलेली मुलं मला भेटली आहेत.

त्यानंतर पाय. सीटच्या फोमची उंची वाढवली की गुडघे मोकळे होतात आणि उठताना कमी उठावं लागतं. गावातला सीटकव्हर करणारा कारागीर हे काम करतो. फूटपेग थोडे खाली घेणारे माउंट मिळतात. त्याने उभ्याची उंची कमी होते, म्हणजे न उचलताच हँडल वर आल्यासारखं होतं. पण खाली आलेला पेग चाकोरीच्या कडेला आणि दगडाला आधी लागतो, आणि गिअर व ब्रेकचे पेडल नव्याने बसवावे लागतात. हीरोच्या एक्सपल्स २०० फोर व्हीमध्ये कंपनीनेच २०२३ साली फूटपेग खाली आणि जरा मागे घेतले. बसण्याची ढब सुधारायची तर पायांच्या जागेलाही हात घालावा लागतो, हे कंपनीलाही पटलेलं दिसतं. त्याच एक्सपल्ससाठी २०२० साली जी रॅली किट आली तिच्यात उंच सस्पेन्शन आणि सपाट सीटबरोबर हँडलचे रायझरही होते. तेव्हा रायझर लावणं म्हणजे पोराटोरांचे चाळे, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा बघावी.

एवढं करूनही कमी पडलं तर रायझर किंवा जास्त उंचीचं हँडल. एकावर एक रायझर रचण्यापेक्षा उंच वळणाचं हँडल घेणं मला जास्त पटतं. क्लॅम्पपासून उंची जितकी वाढते तितका पडताना क्लॅम्पवर पिळ येतो. हँडल घेताना क्लॅम्पच्या जागेचा व्यास बघायचा. जुन्या आणि लहान गाड्यांत तो २२.२ मिलिमीटर असतो, जाड मध्याच्या हँडलचा २८.६ मिलिमीटर. मुठीकडे दोन्ही २२.२ वरच येतात, म्हणून दुकानात नुसतं मूठ धरून फरक कळत नाही. ३० मिलिमीटरचा रायझर घातला तर बोल्टही तेवढाच लांब हवा, नाहीतर तो दोन-तीन आट्यांवरच लटकतो. उद्यमबागेतल्या मामांनी आमचं काम घेतलं ते या अटीवर की बोल्ट आणि मटेरियल ते म्हणतील तेच. भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा आम्ही हौसेने नेला होता, तो त्यांनी परत भंगारात टाकला.

आणि शेवटची परीक्षा केबलची. हँडल वर गेलं की क्लचची केबल, थ्रॉटलची केबल आणि ब्रेकची नळी यांना जास्त अंतर कापावं लागतं. गाडी न्यूट्रलला उभी करून इंजिन चालू ठेवायचं आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवायचं. इंजिनचा आवाज जराही चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. ब्रेकची नळी ताठ झाली तर ती तशी ठेवून गाडी चालवायची नाही. या दोन गोष्टी न बघता रायझर लावणाऱ्याने ते न लावलेलेच बरे. वळणावर गाडी आपोआप पळायला लागण्यापेक्षा पाठदुखी परवडली.

आता माझ्या मतावरचे आक्षेप. पहिला पैशाचा. पण वर सांगितलेली निम्मी कामं फुकट आहेत. उरलेल्यासाठी जे पैसे लागतात ते आपल्याच मित्रमंडळींनी फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरवर आणि स्टिकरवर आनंदाने घातलेले मी बघते. त्या सायलेन्सरने शेजारच्या आजीची झोप उडते, चालकाचा एक मिलिमीटरही फायदा होत नाही. मॉडिफिकेशनचा सगळा खर्च दुसऱ्याला दिसण्या-ऐकण्यावर आणि स्वतःच्या मापावर शून्य, असं आपलं चाललंय.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो रास्त आहे. खरी मोटोक्रॉसची गाडी रस्त्यासाठी नसतेच, तिची जागा ट्रॅकवर किंवा खासगी जमिनीवर. पण एक्सपल्स, हिमालयनसारखी नोंदणी झालेली गाडी असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनाला येईल तो फेरफार करू देत नाही. हँडल त्याच्याच क्लॅम्पमध्ये फिरवणं किंवा लिव्हर झुकवणं म्हणजे फेरफार नव्हे, त्यासाठीच तर ते बोल्ट दिलेत. त्यापुढे जायचं तर कंपनीची ॲक्सेसरी घ्यावी आणि विम्याचे कागद आधी वाचावेत. फुकटातल्या कामांपासून सुरुवात करा असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण.

तिसरा आक्षेप मर्दानगीचा. ‘खरा रायडर कुठलीही गाडी चालवतो.’ चालवत असेल. पण खरे रायडर काय करतात तेही बघा. बेंगळुरूचे सी. एस. संतोष २०१५ साली दाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय मोटारसायकलस्वार ठरले. केरळच्या हरित नोआने २०२४ च्या दाकारमध्ये रॅली-टू गटात पहिला क्रमांक मिळवला. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेने २०१९ साली बाहा विश्वचषकाचा महिला गट जिंकला. या दर्जाच्या शर्यतीत दिवसाला शेकडो किलोमीटर, त्यातले कित्येक उभ्याने, कापावे लागतात. तिथं हँडल, लिव्हर, सीट, पेग सगळं चालकाच्या मापाला लावून घेणं हा तयारीचाच भाग असतो. दुसऱ्याच्या मापाच्या गाडीवर दोन आठवडे वाळवंटात काढण्यात कुणाला मर्दानगी वाटत नाही. ती फक्त आपल्या मैदानावर वाटते.

आणि एक गोष्ट मुलगी म्हणून. उंच मुलीला लहानपणापासून वाकायचं शिक्षण मिळतं. ग्रुप फोटोत मागे उभी राहा, चपला सपाट घाल, जरा पोक काढून चाल म्हणजे डोळ्यात भरणार नाहीस. माझी मम्मी हे प्रेमानेच सांगते, तिच्या आईनेही तिला सांगितलं होतं. त्यामुळे गाडीवर वाकावं लागलं तेव्हा मला ते चुकीचं वाटायलाच वेळ लागला. वाकलेली पाठ इतकी ओळखीची होती. ठेंगण्या मुलींची गोष्ट उलट दिशेने तीच आहे. त्यांचे पाय जमिनीला पुरत नाहीत, म्हणून ‘ही गाडी बायकांची नाही’ असा निकाल लागतो. सीटचा फोम दोन बोटं कापून आणि लिव्हर जवळ घेऊन तो निकाल फिरवता येतो, पण तसं सांगणारं कुणी भेटत नाही. मोठ्या गाडीवर मुली कमी का दिसतात, याचं उत्तर आपण नेहमी हिमतीत शोधतो. थोडं स्पॅनरच्या पेटीतही शोधायला हरकत नाही.

म्हणून तीन मागण्या करते. गाडी विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला चाचणीच्या वेळी फूटपेगवर एकदा उभं करावं, आणि हँडल-लिव्हर त्याच्या मापाला लावूनच गाडी हातात द्यावी. चपलेच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा पाय मोजल्याशिवाय जोड बांधत नाही. ऑफरोडिंग शिकवणाऱ्यांनी पहिला अर्धा तास इंजिन बंद ठेवून मापासाठी द्यावा. आणि आपण मित्रमैत्रिणींनी, कुणी पाठ दुखते म्हणाला तर त्याला जिम सुचवायच्या आधी बाजूने एक फोटो काढून द्यावा.

आमच्या गाडीवर शेवटी काय बदललं ते सांगते, कारण मला ते हमखास विचारलं जातं. हँडल थोडं पुढे फिरवलं, लिव्हर खाली झुकवल्या, सीटचा फोम वाढवला आणि २० मिलिमीटरचे, पुढे सरकवणारे रायझर घातले. मामांनी ३० चे कातायला ठाम नकार दिला होता, आणि फोम वाढल्यावर ३० ची गरजही उरली नाही. आता बोटं सैल सोडली तरी मी पेगवर उभी राहते. मावसभाऊ माझ्याहून उंच, त्याला अजून थोडं कमी पडतं. त्याच्यासाठी या सुट्टीत फूटपेगचं काम काढलंय, आणि मामांनी त्याला हेल्मेट-बुटासकट बोलावलंय.